आई कोण, मी कोण?

‘‘मी! मी!!’’

सकाळचे पावणेआठ. धाकट्या जावेची लोणीला जायची वेळ. तिची पर्स खांद्याला, डबा हातात, आणि उंबऱ्यावर आमची चिमी फतकल मारून बसलेली. डाव्या पायात उजवी चप्पल घालायचा उद्योग चाललेला. पट्टा काही केल्या लागत नव्हता. मी वाकून नुसता हात पुढं केला, तर असा काही हिसडा दिला म्हणता! ‘‘मी!’’

चिमी आता दोन वर्षं चार महिन्यांची आहे. या एका अक्षरापायी सध्या आमच्या घरातलं प्रत्येक काम दहा मिनिटं उशिरा होतं. पाणी प्यायचं तर पेला तिनंच धरायचा. वरणभात खायचा तर चमचा तिच्याच हातात, मग निम्मा भात फरशीवर सांडला तरी चालेल. दाराची कडी आम्ही काढली तर ती परत लावायची, आणि तिनं पुन्हा काढायची. तुमच्याही घरात असं एखादं ‘मी’ असेल, नाहीतर होऊन गेलं असेल. घाईच्या वेळी असा राग येतो की विचारू नका.

पण मैत्रिणींनो, सात-आठ महिन्यांपूर्वी हेच ‘मी’ ऐकायला मिळावं म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. चिमी तेव्हा बोलतच नव्हती.

आमचं एकत्र कुटुंब. राहात्याच्या बाहेर, पेरूच्या बागेला लागून घर. सासूबाई, आम्ही दोघं, आमची कॉलेजला जाणारी दोन मुलं, धाकटे दीर, जाऊ आणि ही चिमी. चिमी हे लाडाचं नाव. खरं नाव तिचं तीच मोठी झाल्यावर सांगेल. जाऊ परिचारिका आहे. तिच्या ड्युटीच्या वेळा फिरत्या, त्यामुळं सहा महिन्यांची असल्यापासून चिमी दिवसभर माझ्याजवळ. मी बी.ए. होऊन घरच सांभाळलं, बरोबरीनं गेली काही वर्षं बचत गटांचं काम करते. चिमीला कडेवर घेऊनच मी कितीतरी बैठका केल्या आहेत.

दीड वर्षाचा डोस द्यायला नेलं, तेव्हा अंगणवाडीताईंनी आई-बाळाचं कार्ड उघडलं. कोणत्या महिन्यात बाळानं काय करावं याची चित्रं त्या कार्डावर असतात. आपण डोसाच्या तारखा तेवढ्या बघतो, चित्रांकडं कुणी बघत नाही. ताईंनी विचारलं, ‘‘किती शब्द बोलते?’’ मी म्हटलं, ‘‘सगळं समजतं तिला.’’ त्या हसल्या. ‘‘काकू, मी बोलते का ते विचारलं.’’

मी बोटं मोजली. ‘मम्मं’ आणि ‘काऊ’. तिसरं बोट उघडलंच नाही.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘हिचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता बघा, ऐकून घेत नाही कुणाचं.’’ सगळे हसले. जाऊ मात्र हसली नाही. आणि मलाही हसू येईना, त्याला कारण होतं.

आमच्याच तालुक्यातल्या एका वस्तीवर बचत गटाच्या कामानं माझं जाणं-येणं होतं. तिथला एक पोरगा असाच गप्प. गोड, हसरा, हाक मारली की वळून बघणारा. आई म्हणायची, ‘‘ऐकू येतंय त्याला. ताट पडलं की दचकतो.’’ आजी म्हणायची, ‘‘आमच्यात पोरं उशिराच बोलतात.’’ साडेचार वर्षांचा झाल्यावर तपासणी झाली, आणि कळलं, त्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. पडलेल्या ताटाचा हादरा त्याला पायाला कळायचा. हाक मारली की आईचं हलणारं तोंड, भिंतीवरची सावली बघून वळायचा. हुशार पोर! हुशार होतं म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. आता तो खास शाळेत जातो, खुणांनी भरभरून बोलतो. पण त्याच्या आईनं मला विचारलं होतं, ‘‘बाई, ही चार वर्षं परत मिळतील का हो?’’ त्यावर मी काय बोलणार?

म्हणून मी हट्टानं चिमीला घेऊन अहिल्यानगरला (आमच्या तोंडात अजून ‘नगरला’च येतं) कानाच्या डॉक्टरांकडं गेले. जाऊ रजा टाकून आली. लहान मुलांच्या कानाची तपासणी बाळ झोपलेलं असतानाही करता येते, त्याला काही सांगावं-बोलावं लागत नाही, हे मला तिथं कळलं. चिमी झोपेपर्यंत आम्ही दोघी जावा बाकावर बसून होतो. एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. मोबाइलसुद्धा काढला नाही.

कान उत्तम होते.

बाहेर येऊन आम्ही दोघींनी उसाचा रस घेतला. तिचे डोळे भरून आले होते, मी बघूनही न बघितल्यासारखं केलं. पण डॉक्टर एक प्रश्न विचारून गेले होते, तो माझ्या मनातून जाईना. ‘‘घरात तिच्याशी बोलतं कोण? आणि ती बोलेपर्यंत थांबतं कोण?’’

खरं सांगू? कुणीच थांबत नव्हतं, आणि सगळ्यात कमी थांबत होते मी. चिमीनं फळीकडं बोट केलं की माझा हात बिस्किटाच्या डब्यावर. ‘ऊं’ केलं की पाण्याचा पेला हजर. तिनं नुसतं तोंड वाकडं केलं तरी मला कळायचं, हिला बागेत जायचंय. आणि या कळण्याचा मला अभिमान होता! ज्या दुकानात बोट दाखवून माल मिळतो, तिथं तोंड कोण उघडेल?

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. गटाची वही लिहायची असली की मी तिच्यापुढं मोबाइल ठेवायची. त्यातली गाणी बघत ती निमूट जेवायची. भात पोटात जायचा, वही पूर्ण व्हायची, आणि मी म्हणायची, ‘‘किती शहाणी आहे!’’ जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको, पुढं दोन वर्षांपर्यंतही नको म्हणूनच सल्ला, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून जास्त नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२१ मध्ये जवळपास हेच सांगितलं. मोबाइल मुलाशी बोलतो खरा, पण मुलानं उत्तर द्यावं म्हणून थांबत नाही. आणि बोलणं तर देण्याघेण्यातून येतं.

त्या दिवसापासून जेवताना मोबाइल बंद. पहिले चार दिवस चिमीनं घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी ताटातल्या कोशिंबिरीत बोट घालून ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, ‘‘काकडी. कच्चकन वाजते.’’ एवढंच. कामं करता करता बोलत राहायचं असं मी ठरवलं. ‘आता कणीक मळू या’, ‘हे बघ, दूध वर आलं’, ‘आजीचा चष्मा कुठं गेला?’ आणि तिनं बोट दाखवलं की मनात एक ते दहा आकडे मोजायचे, तोवर हात हलवायचा नाही. दहा आकडे म्हणजे किती वेळ, असं वाटतं ना? मोजून बघा. आईच्या हाताला ते एका तासाएवढे वाटतात.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बागेत तिनं फांदीकडं बोट केलं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... आठव्या आकड्याला ती म्हणाली, ‘‘पेलू.’’

राहात्याच्या पोरीनं ‘पेरू’ म्हणावं, यात नवल ते काय! पण मी तिथंच मातीत बसले.

मग शब्दांची रांग लागली. हम्मा, भूभू, माऊ, भुर्र, बाऊ. यावरून घरात एक लहानसं भांडणही झालं. माझा मुलगा म्हणायला लागला, ‘‘आई, तिला बोबडं नका शिकवू. सरळ ‘डॉग’ म्हणायला लावा, पुढं शाळेत उपयोग होईल.’’ पुण्याला एम.ए. करणारी माझी भाची तेव्हा आली होती. तिनं त्याला चांगलं गप्प केलं. ती म्हणाली, पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ डॉ. अशोक केळकर यांनी १९६४ साली या मराठी बाळबोलीवर अभ्यासलेख लिहिलाय. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं सहा भाषांमधली बाळबोली शेजारी-शेजारी ठेवून तपासली. त्या सहांत अरबी, स्पॅनिश आणि इंग्रजीबरोबर आपली मराठीही होती. जगभर आयाआज्या बाळाशी बोलताना सारखंच करतात. ओठांवर सहज येणारे आवाज घ्यायचे, तेच दोनदा म्हणायचे, जोडाक्षरं सोपी करायची. म्हणजे आपल्या आज्यांनी घडवलेल्या या पायऱ्या आहेत. ‘भूभू’ची पायरी चढूनच मूल ‘कुत्रा’पर्यंत पोचतं. मुलगा म्हणाला, ‘‘बरं बाई, भूभू तर भूभू.’’ पेरूच्या गावात ‘ए फॉर ॲपल’ची एवढी घाई कशाला, हे मात्र मी मनातच म्हटलं.

आणि मग तो दिवस आला.

संध्याकाळची वेळ. मी पाट्यावर चटणी वाटत होते. चिमी पाठीमागून आली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, ‘‘आई.’’

स्पष्ट! स्वच्छ! मी वळून तिला उचलणार, तेवढ्यात दारात जाऊ उभी दिसली. ड्युटीवरून नुकतीच आलेली. तिनं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, हातपाय धुवायला मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा चिमी तिच्याकडं धावली, तिची ओढणी धरली आणि आनंदानं ओरडली, ‘‘काकू!’’

त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात भाकरीचाच काय तो आवाज होता. ती थापत होती, मी भाजत होते. मला अपराधी वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी सुखही वाटत होतं. त्या सुखाची मला जास्त लाज वाटत होती. शेवटी तीच म्हणाली, ‘‘ताई, तुमची चूक नाही. मीच नसते ना घरी.’’ आणि पिठाच्या हातानंच तिनं डोळे पुसले.

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते सासूबाईंकडून आलं. त्या आतल्या खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘‘कशाला रडती गं? पोरगी ऐकती तेच बोलती. या घरात तुला आई म्हणतंय कोण?’’

आम्ही दोघी बघतच राहिलो. खरंच की! माझी दोन्ही मुलं दिवसभर मला ‘आई, आई’ करून हाका मारतात. आम्ही दोघी जावा सासूबाईंना ‘आई’ म्हणतो. त्यांचे दोघं मुलगेही त्यांना ‘आई’च म्हणतात. चिमीला शिकवलेलं माझं नाव ‘मोठी आई’. म्हणजे घरात आयांना तोटा नाही, आणि जिला आई म्हणायला हवं, तिला माझी मुलं ‘काकू’ म्हणतात, सासूबाई नावानं हाक मारतात आणि दीर ‘अगं’ म्हणतात. पोरीनं काही कुणाला निवडलं नव्हतं. तिनं फक्त नीट ऐकलं होतं. आणि दीरांना ती काय म्हणायची, माहीत आहे? ‘‘अहो!’’ आई म्हणते तसंच. ते आठवलं आणि आम्ही तिघी इतक्या हसलो, की जावेचे डोळे दुसऱ्यांदा पुसावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा नियम. जाऊ दारात आली की प्रत्येकानं म्हणायचं, ‘‘चिमीची आई आली!’’ माझ्या मुलांनीही ‘काकू’ऐवजी तेच म्हणायचं. मला मात्र हे वाटलं तितकं सोपं गेलं नाही. चिमी ‘आई’ म्हणत माझ्याकडं यायची आणि मी म्हणायची, ‘‘मी मोठी आई. आई कामाला गेली. संध्याकाळी येणार.’’ असं म्हणताना दर वेळी घशात काहीतरी अडकायचं. पण थांबायला शिकायचं, तर ते बिस्किटाच्या डब्यापाशीच थोडं असतं? महिन्याभरात चिमीनं आपलं आपणच सोडवलं. जाऊ झाली ‘आई’, सासूबाई ‘आजी’, आणि मी झाले ‘मोत्याई’. या नावाची बाई जगात दुसरी नसेल.

मला तेव्हापासून या लहानग्यांच्या डोक्याचं फार कौतुक वाटायला लागलं. ‘पेरू’ कुणीही म्हटलं तरी पेरूच असतो. पण ‘आई’ हा शब्द कोण म्हणतं त्यावर बदलतो. ‘मी’ आणि ‘तू’ तर त्याहून अवघड! मी म्हणते तेव्हा ‘मी’ म्हणजे मोठी आई, आजी म्हणते तेव्हा आजी. मग चिमी कोण? काही दिवस ती स्वतःलाच ‘तुला’ म्हणायची. भूक लागली की, ‘‘तुला पायजे.’’ आम्ही तिला ‘तुला पाहिजे?’ असं विचारतो ना, म्हणून. शेजारच्या घरात आजी, आई, दोन आत्या आणि एकटा मुलगा आहे. तो ऐटीत सांगतो, ‘‘मी जाते.’’ लोक हसतात, पण हसू नये. चार पुरुषांत खेळायला लागला की आपोआप ‘जातो’ येतं.

परवा चिमीनं पाण्याचा पेला जागेवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘मी करलं.’’ आमच्या घरात ‘करलं’ कुणीही म्हणत नाही. मग आलं कुठून? नीट बघा. धरलं, भरलं, मारलं... मग करलं! कुणी न शिकवता पोरीनं नियम शोधला आणि लावलाही. मराठीनंच तिथं ‘केलं’ करून ठेवलंय, त्याला ती काय करणार? मी तिला ‘चुकलं’ म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, ‘‘हो, तू केलंस. छान केलंस.’’ बरोबर शब्द तिच्या कानावर गेला, आणि तिचा उत्साहही गेला नाही.

आता या ‘मी’बरोबर त्याचा जुळा भाऊही आलाय. त्याचं नाव ‘नको’. आंघोळ नको, फ्रॉक नको, झोप नको. एकदा बाजारात टोमॅटोच्या ढिगापुढं चिमी आडवी पडली. येणारे-जाणारे म्हणत होते, ‘‘लाडावलीय.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘मुलीच्या जातीला एवढा हट्ट बरा नव्हे.’’ मी काही बोलले नाही, तिच्याजवळ खाली बसले. तिला पिशवी धरायची होती, आणि ती आम्ही दिली नव्हती, एवढंच कारण. दोन टोमॅटो घालून एक छोटी पिशवी तिच्या हातात दिली. गुमान चालायला लागली.

यात नवीन काही नाही. आपल्याच मातीतल्या बाईनं हे कधीच सांगून ठेवलंय. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. मूल स्वतः करून शिकतं, हा मॉन्टेसरीबाईंचा विचार त्यांनी आपल्या गरीब देशाला परवडेल असा केला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम उभारलं, आणि तिथंच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते वाढलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून तिचं नाव अंगणवाडी. महागडी खेळणी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, माती, लहानशी झाडणी. मुलांनी स्वतः झाडायचं, स्वतः हात धुवायचे, बोलायचं ते आपल्या बोलीत. सरकारची बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी आणि वजनकाटा आठवतो. मला ती लहानशी झाडणी आठवते.

तशीच एक छोटी केरसुणी आता आमच्याकडं आहे. भाकरी करताना चिमीला पिठाचा एक गोळा मिळतो. शेंगा सोलताना तिची वेगळी वाटी असते, चार शेंगांत तीन दाणे तोंडात जातात, जाऊ देत. ‘फ्रॉक घाल’ म्हटलं की ‘नको’ येतं, म्हणून आम्ही विचारतो, ‘‘लाल घालू की पिवळा?’’ मग ती राणीसारखा विचार करते. पण दोन ठिकाणी तिचं ‘मी’ चालत नाही. एक चूल-गॅस-गरम दूध, आणि दुसरा रस्ता. राहात्यातून जाणारा नगर-मनमाड रस्ता तुम्ही पाहिलाय ना? शिर्डीच्या गाड्या, हंगामात उसाचे ट्रॅक्टर. तिथं हात धरायचा म्हणजे धरायचा. रडली तरी धरायचा. ज्या घरात दहा गोष्टींना ‘हो’ मिळतं, तिथं मूल या दोन ‘नाही’ ऐकतं, हा माझा अनुभव आहे.

आणि सासूबाईंच्या त्या ‘मुलीच्या जातीला’ याचं काय? त्यांना उलटून बोलायचा माझा स्वभाव नाही. पण मी त्यांना एकदा आमच्या गटाच्या बैठकीला घेऊन गेले. नवीन आलेल्या एका बाईला नाव विचारलं. वय असेल चाळिशीचं. ती आधी शेजारणीकडं बघून हसली, मग पदर तोंडाला लावला. शेवटी शेजारीणच म्हणाली, ‘‘ही अमक्याची सून.’’ कर्ज हवंय का, विचारलं, तर ‘‘घरी विचारून सांगते.’’ चहा हवाय का, तरीही शेजारणीकडं बघितलं. अशा किती जणी आम्ही रोज बघतो! पहिल्या सभेत उभं राहून ‘मी’ म्हणताना माझेही पाय लटपटले होते. दोन वर्षांच्या पोरीला जे सहज येतं, ते चाळिसाव्या वर्षी का अडतं? मधे कुठंतरी, कुणीतरी ‘गप्प बस, तुला काय कळतंय’ म्हटलेलं असतं.

परतताना सासूबाई रिक्षात गप्पच होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, ‘‘चहासुद्धा मागता येईना गं तिला.’’ त्यानंतर ‘मुलीच्या जातीला’ हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. परवा चिमीनं त्यांचा मुका ‘नको’ म्हणून परतवला, तर म्हणाल्या, ‘‘बरं बाई, नको तर नको.’’

मैत्रिणींनो, सांगायचं एवढंच. मुलाच्या शब्दासाठी थांबा, त्याच्या बटणासाठी, चपलेसाठी थांबा. पण तपासणीसाठी थांबू नका. दोन वर्षांच्या सुमाराला मूल ‘पाणी दे’, ‘आजी गेली’ असे दोन शब्द जोडत नसेल, हाकेला ओ देत नसेल, किंवा येत असलेले शब्दच बोलेनासं झालं असेल, तर ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून वर्ष घालवू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत असतात. पथकाची तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मुलाला शेतात नेऊ नका. काही नसेल तर आमच्यासारखा उसाचा रस पिऊन घरी या. काही असेल तर लवकर कळेल. त्या वस्तीवरच्या आईचा प्रश्न कुणालाही विचारावा लागू नये.

आणि त्या सकाळचं काय झालं? मी हात मागं घेतला. जावेनं घड्याळ बघितलं, डबा खाली ठेवला आणि चिमीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. म्हणाली, ‘‘घाल तू. मी थांबते.’’ तिची नेहमीची गाडी गेली. दुसरी पंधरा मिनिटांनी असते.

पट्टा लागला. चपला उलट्याच होत्या. त्याच घालून चिमी डुलत डुलत फाटकापर्यंत गेली. पलीकडं रस्ता दिसला, तशी थांबली आणि कुणी न सांगता तिनं हात वर केला. आईनं तो धरला.

‘‘आई, लवकल ये,’’ म्हणाली. आणि मग मागं वळून मला बजावलं, ‘‘मोत्याई, मी करलं!’’